कार्बाइडला पाणी

अहो, तुमच्या शोकसभेतून मी मधेच उठून आले. लोकांना वाटलं, बाईला रडू आवरलं नाही. रडू नव्हतं ते, संताप होता. तेरावं नुकतंच झालेलं. गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, संघटनेच्या हॉलमध्ये तुमचा हार घातलेला फोटो, समोर आपल्यासारखीच छोटी वर्कशॉपं चालवणारी मंडळी, आणि अध्यक्ष माइकवर सांगत होते, "भाई साहब जुगाड़ के बादशाह थे. जो टूल बाहर से मँगाने में हमारी कमर टूट जाए, वो कबाड़ में से बना देते थे." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मग ते म्हणाले, "हमने तय किया है, आईटीआई के बच्चों को भाई साहब का तरीका सिखाया जाएगा. उन्हीं के ग्राइंडर पर." पुन्हा टाळ्या.

ज्या पद्धतीसाठी टाळ्या पडत होत्या, तिनंच तुमचा जीव घेतला होता. हे त्या हॉलमध्ये दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि आपल्या रफीकभाईंना. रफीकभाई पहिल्या लेथपासून आपल्याकडे. ते मान खाली घालून बसले होते. मला मान खाली घालता येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. मी चप्पल घातली आणि निघाले.

तुमचा जन्म कुठे झाला, शिक्षण काय, मागे कोण कोण, हे सगळं पेपरात आलंय. मला ते लिहायचं नाही. मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं भांडण तुम्ही अर्धवट टाकून गेलात. ही तुमची सवयच. माझा आवाज चढला की तुम्ही चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायला घ्यायचात आणि म्हणायचात, "बरं, उद्या बोलू." उद्या उजाडला की तुम्ही नाश्ता करून स्कूटरला किक मारत असायचात. एकदाही बोलला नाहीत. आता मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार.

सुरुवात त्या टाय लावलेल्या विक्रेत्यापासून करते. आपल्याकडे पंपाच्या स्लीव्हचं, म्हणजे आतल्या लोखंडी नळकांड्याचं काम आलं होतं. आतून एक अरुंद, गोल तळाची खाच पाडायची होती. त्या आकाराची टिप बाजारात मिळेना. लेथवर लोखंड कापते ती ही टिप, कार्बाइडची, नखाएवढी, हत्याराच्या टोकाला बसवलेली. मग तो आला. त्यानं दागिन्यांच्या दुकानासारखी डबी उघडली, आत मऊ कापडावर टिपा मांडलेल्या. किंमत ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. म्हणे, होल्डर फुकट देतो. पण त्या होल्डरमध्ये त्याच कंपनीची टिप बसणार, आणि एक जरी हवी असली तरी अख्खी डबी घ्यायची. म्हणजे एकदा त्या दारातून आत गेलं की जन्मभर त्यांच्याच पायऱ्या चढायच्या. तुम्ही ती टिप बोटांत धरून उलटसुलट फिरवलीत, खिडकीकडे धरून एक डोळा मिटून पाहिलीत, आदबीनं परत दिलीत आणि विचारलंत, "चाय और लेंगे?" तो गेल्यावर मला म्हणालात, "आकार बघून ठेवलाय."

त्या कंपन्यांवर माझा राग आजही आहे. मोठ्या कारखान्यांना त्या डब्या परवडतात. तिथे टिपेची एक कड बोथट झाली की ती सरळ भंगारात जाते. आपल्यासारख्यांनी काम घ्यायचं त्याच कारखान्यांकडून, दर त्यांनी ठरवलेला, मुदत त्यांनी ठरवलेली, आणि हत्यार मात्र आपलं आपण आणायचं. आधी आपण स्वस्तातल्या आयात टिपाही आणून पाहिल्या. पहिल्याच कटात त्या पापडासारख्या मोडल्या आणि स्लीव्ह वाया गेली ती वेगळीच. हाय-स्पीड स्टीलचं हत्यार घासून पाहिलं, ते त्या कडक लोखंडापुढे टिकेना. तेव्हा तुम्ही भंगारवाल्याकडे गेलात आणि कारखान्यांनी टाकलेल्या टिपा पिशवीभर घेऊन आलात. भाजी निवडावी तशा त्या आपण दोघांनी ओट्यावर निवडल्या. चिरलेल्या बाजूला, धडक्या बाजूला.

पुढचं सगळं मी तुमच्याकडूनच शिकले. साध्या लोखंडाच्या पट्टीच्या टोकाला खाच करायची, सुहागा म्हणजे टाकणखार टाकायचा, पितळेची सळी वितळवून टिप चिकटवायची. लाल तापलेलं टोक राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्यायचं. मग ग्राइंडरच्या हिरव्या चाकावर घासून हवा तो आकार काढायचा. कोरडंच घासायचं. पहिल्याच दिवशी तुम्ही मला याचं कारण दाखवलंत. घासून तापलेली एक टिप तुम्ही मुद्दाम पाण्याच्या डब्यात बुडवलीत. टच् असा बारीक आवाज आला. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. तुम्ही तिच्यावर रॉकेल फिरवलंत, थोड्या वेळानं पुसून कोरडी केलीत आणि वर खडूची पूड लावलीत. बघता बघता पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळी रेघ उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. मी थक्क होऊन बघत राहिले. तुम्ही म्हणालात, "दिसलं? हाय-स्पीडला पाणी चालतं, कार्बाइडला पाणी चालत नाही. हे कधी विसरायचं नाही." मीही कधी विसरले नाही. उलट नव्या माणसाला मीच ठसक्यात सांगायची.

खोटं कशाला बोलू, ते दिवस सुखाचे होते. मी पहिलं हत्यार घासलं तेव्हा तुम्ही त्याच्या दांड्यावर पंचनं माझ्या नावाचा 'व' ठोकलात आणि ते सरळ लेथवर चढवलंत, गिऱ्हाइकाच्या खऱ्या कामावर. खाच पडली, निळसर कीस सुटला, तुम्ही मागे वळून न बघता नुसता अंगठा वर केलात. तुमची आत्या अशोका गार्डनहून आली होती. माझी काळी बोटं बघून म्हणाली, "सुनेला मजूर केलंस की रे." तुम्ही म्हणालात, "मालकीण केलंय, आत्या. बोटं मालकाचीच काळी होतात." बी.ए. झालेल्या, इंद्रपुरीतल्या क्वार्टरमध्ये पोळ्या लाटत बसलेल्या बाईला तुम्ही मशीनपाशी उभं केलंत, आणि चार माणसांत "यह काम मैडम से पूछिए" असं म्हणालात. यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे. याच्यासाठीच तर आणखी राग येतो. ज्या माणसानं माझ्या हातावर इतका भरवसा ठेवला, त्यानं माझ्या शब्दावर का ठेवला नाही?

त्या कोरड्या घासण्याचा धुरळा आठवतो? तुम्हाला कुठला आठवणार, तुम्ही त्यात राहत होता. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन यायचं तेव्हा तो दिसायचा. पिठासारखा बारीक, करडा, जागच्या जागी तरंगणारा. तुम्ही त्यात नाक खुपसून कडेची धार बघायचात. तुमचे शर्ट मी भिजवायची तेव्हा बादलीच्या तळाशी चमचमता गाळ बसायचा. रुमाल करडा, नाकपुड्या करड्या, चहाच्या कपाची कड करडी. मी मास्क आणून दिला, तुम्ही तो हनुवटीवर ओढून ठेवायचात, कारण तुम्हाला घासताना बोलायचं असायचं. गमछा बांधा म्हटलं तर म्हणायचात, "अगं, चष्म्यावर वाफ येते, धार दिसत नाही." धार दिसली पाहिजे, श्वास गेला तरी चालेल!

खोकला सुरू झाला तेव्हा तुम्ही तो कूलरवर ढकललात. मग धूळवाऱ्यावर, मग म्हातारपणावर. साठीचा माणूस, म्हातारपण म्हणे. जिना चढताना मधे थांबून तुम्ही खिसे चाचपायचात, जणू किल्ली शोधताय. मला कळत नव्हतं वाटतं?

मी तुम्हाला ओढत डॉक्टरांकडे नेलं. भोपाळात छातीची तक्रार घेऊन गेलं की जो प्रश्न पहिला येतो तोच आला, "गैस के टाइम कहाँ थे आप?" आणि तुम्ही, आयुष्यात गिऱ्हाइकाला माप खोटं न सांगणारे तुम्ही, म्हणालात, "यहीं थे." माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, "नहीं थे, डॉक्टर साहब. नागपुर में थे, मामा के यहाँ. नौकरी की परीक्षा देने गए थे. ये कार्बाइड घिसते हैं." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सूखा घिसते हैं?" मी हो म्हटलं. तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलात.

परतताना स्कूटरवर मला तुमच्याशी बोलायचं होतं, ते राहिलं. पण आता बोलते. गॅसची ती रात्र ज्यांनी भोगली, ज्यांची माणसं गेली, त्यांच्या दुःखाच्या आड तुम्ही आपलं ग्राइंडर लपवत होता. नुकसानभरपाई वगैरे तुमच्या मनात नव्हती, तुम्ही तसे नव्हताच. तुम्हाला फक्त दोष दुसऱ्या कशावर तरी टाकायचा होता. तुमच्या पद्धतीला, तुमच्या हिरव्या चाकाला कुणी बोट लावू नये, एवढंच. याचा मला इतका राग आला होता की त्या संध्याकाळी मी भाजीत मीठ दोनदा घातलं आणि तुम्ही ती मुकाट्यानं खाल्लीत.

रिपोर्ट आले. डॉक्टर म्हणाले, ही पूड फुप्फुसात बसली की निघत नाही, निदान आणखी जाऊ देऊ नका. काम बंद करा, नाहीतर धूळ बंद करा. काम बंद करायला तुम्ही तयार होणार नाही हे मला माहीत होतं. मग मी धूळ बंद करायच्या मागे लागले. त्याच टायवाल्याला फोन केला. त्यानं सांगितलं, "बड़ी कंपनियाँ गीला घिसती हैं, मैडम. पानी शुरू से चलता रहे तो टिप गरम ही नहीं होती. गरम नहीं होगी तो चटकेगी क्यों?" पाण्यावर घासायचं मशीन विकायलाही तो तयार होता. त्याची किंमत ऐकून मी फोन ठेवला.

आणि मग मी काय केलं? तुम्ही केलं असतं तेच. स्वस्तातलं काहीतरी शोधलं. दुसरं मला कुणी शिकवलंच कुठे होतं? घरच्या कूलरचा पंप काढला. रफीकभाईंनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून चाकाखाली तबक केलं, वर आडोसा केला. मोटारीला पाणी लागू नये म्हणून चाक वेगळ्या दांड्यावर चढवून मोटार पट्ट्यानं लांब घेतली. पंपाची नळी अशी बसवली की टिप चाकाला टेकते नेमकी तिथेच धार पडावी. मी इतकी खूश होते, अहो. पेढे आणले होते. मला वाटलं, तुम्ही वाकून बघाल, एक डोळा मिटाल आणि अंगठा वर कराल.

तुम्ही आलात, पाहिलंत आणि विचारलंत, "हे कुणी केलं?"

"मी. आणि रफीकभाईंनी."

"कार्बाइडला पाणी?"

"तापलेल्या कार्बाइडला पाणी चालत नाही. पाणी आधीपासून चालू असेल तर ती तापेलच कशी? घासून तर बघा."

"हे तू मला शिकवणार?"

"हो, शिकवणार! तुमच्याकडूनच शिकलेय."

"तडा गेला तर दिसतसुद्धा नाही, वसुधा. गिऱ्हाइकाच्या मशीनवर टिप फुटली तर कुणाचं नाव जाईल?"

"मग खडू लावून बघू. एक टिप. एकच घासा."

तुम्ही चष्मा काढलात. शर्टाच्या टोकाला पुसलात. "बरं, उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर नळी गुंडाळून खुंटीला टांगलेली आणि पंप पिशवीत. "उन्हाळा आहे," तुम्ही म्हणालात, "घरी कूलरला लागेल." रफीकभाई लेथवर वाकले होते, वर बघत नव्हते. नंतर मला हळूच म्हणाले, "मैडम, अपन ने बहुत समझाया. भाई साहब बोले, जब तक मैं हूँ तब तक सूखा." जब तक मैं हूँ. घ्या.

मी रोज भांडले. तुम्ही रोज उद्यावर ढकललंत. एक टिप घासून बघायला किती वेळ लागला असता? तुम्ही अख्ख्या गोविंदपुऱ्याच्या अडलेल्या कामांना वेळ देत होता. कुणाचं हत्यार मोडलं की तो आपल्याकडे धावत यायचा, तुम्ही त्याला चहा पाजून हत्यार करून द्यायचात, वर म्हणायचात, "ले जाओ, बाद में देखेंगे." त्यातलेच लोक परवा टाळ्या वाजवत होते. त्यांच्यापैकी एकालाही कधी वाटलं नाही, की हे इतकं स्वस्त कसं पडतं? स्वस्त नव्हतंच ते. तुमचा श्वास कुणी बिलात लावला नाही, इतकंच. त्याला जुगाड म्हणायचं आणि हॉलमध्ये हार घालायचा.

शेवटचे महिने घरात ते ऑक्सिजनचं भाड्याचं मशीन घरघरत असायचं. तुम्ही नाकात नळी घालून पडलेले, आणि पहिल्याच दिवशी म्हणालात, "याचं बेअरिंग गेलंय. आवाज ऐक." मला हसू फुटलं आणि मग रडू. रफीकभाई टिपा घेऊन यायचे, तुम्ही पांघरुणावर पेपर पसरून त्या निवडायचात. धडकी कुठली, चिरलेली कुठली, तुमचा हात तसाच चालायचा. मी शेजारी बसून पुन्हा तोच विषय काढायची. म्हणायची, निदान आता तरी रफीकभाईंना पाण्यावर घासू द्या, त्यांचीही फुप्फुसं आहेत. तुम्ही थांबत थांबत म्हणालात, "अगं, मी पाणी लावलं असतं... आणि तडे गेले असते... तर एवढी गिऱ्हाइकं टिकली असती का?" पुढचं वाक्य तुम्हाला बोलता आलं नाही. मी पाठ चोळत गप्प बसले. तुमचा दम गेला म्हणून गप्प बसले, हरले म्हणून नाही. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.

तुम्ही शेवटपर्यंत कबूल केलं नाहीत. लोक विचारतात, काही म्हणाले का जाताना? काही नाही म्हणालात. घोटभर पाणी मागितलंत, पंखा कमी करायला सांगितलंत. तुमच्या डोळ्यांत मला माफी दिसली, असलं काही मी मनाशी रचणार नाही. नव्हती दिसली.

तर, शोकसभेतून मी उठून आले, आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आपल्या वर्कशॉपमध्ये आले. बिचारे अवघडले होते. मी त्यांना सरळ सांगितलं, ग्राइंडर देते, टिपा देते, मी स्वतः येऊन शिकवते. पण मुलं पाण्यावर घासतील. कोरडं एक मिनिटही नाही. ते म्हणाले, "भाभीजी, पानी से तो टिप चटक जाएगी. भाई साहब खुद कहते थे. सबको कहते थे."

बघा! मेल्यावरसुद्धा तुमचाच शब्द. इकडे मी जिवंत, डोळ्यांनी सगळं पाहिलेली, आणि माझ्यासमोर उभं कोण, तर तुम्ही. तुम्ही नीटनेटक्या हारासकट फोटोत बसून ती सगळी पोरं त्या धुरळ्यात पाठवणार होता. मी म्हटलं, "परसों आइए. और जिन-जिन को भाई साहब ने बताया था, सबको लाइए. खड़िया मैं लगाऊँगी." ते कसंनुसं हसले, पण आले. आठदहा जणांना घेऊन आले.

आदल्या दिवशी मी घरच्या कूलरमधून पंप पुन्हा काढला. रफीकभाईंनी तो पत्रा फेकला नव्हता. मशीनमागे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. "अपन को मालूम था, मैडम, एक दिन लगेगा," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. आणि टेबलाच्या खणात मला तुमचं ते हत्यार मिळालं. वर्कशॉपमधल्या तुमच्या शेवटच्या दिवशी चिकटवलेलं, त्याच गोल तळाच्या खाचेचं. टिप बसवून झाली होती, घासायच्या आधीच तुम्हाला धाप लागली आणि आम्ही तुम्हाला घरी आणलं होतं. मी म्हटलं, हेच. दुसरं कुठलं घेतलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, तू सोपं निवडलंस.

सगळे अर्धगोल करून उभे राहिले. मी आधी पंप लावला. धार चाकावर बरोबर पडतेय हे बघितलं, मग टिप टेकवली. करडं पाणी तबकात ओघळायला लागलं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं होतं, आणि त्या उन्हात काही नव्हतं. नुसतं ऊन. इतक्या वर्षांत मी ते असं कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही शिकवलं तसंच घासलं, जोर न लावता, मनगट सैल सोडून, मधे मधे नमुन्याच्या पट्टीशी ताडून. बोट लावलं तर टिप गार होती. अध्यक्षांना म्हटलं, लावा बोट. त्यांनी बिचकत लावलं.

मग पुसून कोरडी केली. रॉकेल फिरवलं, थांबले, पुसलं. खडूची पूड लावली. रफीकभाईंनी ती ट्यूबलाइटखाली धरली आणि आम्ही सगळे बघत राहिलो.

आणि तेव्हा, अहो, मला काय वाटत होतं सांगू? मला वाटत होतं, तडा जावा. रेघ उमटावी. इतक्या दिवसांचं भांडण मी जिंकायला उभी होते आणि मनातून म्हणत होते, हरू दे मला. कारण रेघ उमटली असती तर तुम्ही खरे ठरला असता. मग दुसरा मार्गच नव्हता म्हणता आलं असतं. त्या डब्यांच्या किमतींनी तुम्हाला मारलं, दरांनी मारलं, या धंद्यानं मारलं, असं म्हणून मला साऱ्या जगावर रागवता आलं असतं आणि तुमच्यासाठी सुखानं रडता आलं असतं.

खडू पांढराच राहिला.

अध्यक्षांनी चष्मा चढवून पाहिलं, खिडकीकडे नेऊन पाहिलं. म्हणाले, "एकदम साफ है, भाभीजी." मागून कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले, रफीकभाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग त्यांनीच ते हत्यार लेथवर चढवलं आणि स्लीव्हमध्ये खाच पाडली. तळ गोल, कड स्वच्छ. कीस निळसर सुटला. मी सवयीनं तुमच्या स्टुलाकडे बघितलं.

पोरं पाण्यावर शिकतील. तसं ठरलं. पंप त्यांनी नवे घ्यावेत, आमचा कूलर आता बिनपंपाचा झाला आहे. तुमची पद्धत चालू राहील, नावही तुमचंच राहील, फक्त त्यात पाणी माझं असेल.

ते हत्यार मी घरी आणलंय. खडू न पुसता. इथे टेबलावर तुमच्या चष्म्याजवळ ठेवलंय. घरघरणारं मशीन परत गेलंय, घरात आवाज नाही. घ्या, खिडकीकडे धरा, एक डोळा मिटून बघा, कुठे रेघ सापडते का. फार वेळ लागला नाही, अहो. चहा निवायच्या आत झालं सगळं. एवढंच तर करायचं होतं.

उद्या बोलू म्हणाला होतात ना? बोला आता.